पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलताना: कामाचा क्रम, तपासण्या आणि परतीची वाट

पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या अपग्रेडचं काम बहुतेक ठिकाणी एकाच कमांडभोवती आखलं जातं. शनिवारी रात्री ॲप्लिकेशन बंद करायचं, पीजी_अपग्रेड (जुना डेटा नव्या आवृत्तीत नेणारी कमांड) चालवायचं, काम पूर्ण झाल्याचा संदेश आला की ग्रुपवर अंगठा टाकायचा आणि झोपायचं. कमांड बहुधा नीट चालते. घोळ होतो तो सोमवारी सकाळी. दोन सेकंदांत येणारा रिपोर्ट दहा मिनिटं लटकतो, बॅकअपची स्क्रिप्ट रात्री गुपचूप फेल झालेली असते, मॉनिटरिंगचे निम्मे आलेख कोरे दिसतात, आणि मागे जायचं ठरवलं तर मागे जायला काही उरलेलंच नसतं.

तेव्हा या लेखात कमांडला थोडी जागा आहे. तिच्या आधीच्या आणि नंतरच्या कामांना जास्त. स्वतःच्या सर्व्हरवर पोस्टग्रेस चालवणाऱ्या, एक प्रायमरी (मुख्य सर्व्हर) आणि एकदोन स्टँडबाय (त्याची सतत ताजी राहणारी प्रत) असलेल्या डीबीएसाठी, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्यासाठी, हे लिहिलं आहे. उदाहरण म्हणून १३ वरून १७ किंवा १८ वर जायचं आहे असं धरू. क्लाउडवरच्या मॅनेज्ड सेवेत कमांड तुमच्या हातात नसते, पण टप्पे २, ४ आणि ७ तिथेही जसेच्या तसे लागतात.

एक खुलासा आधीच करतो. १३.४ वरून १३.२० हा या लेखाचा विषय नाही. ती छोटी आवृत्ती: पॅकेज बदला, सर्व्हर रीस्टार्ट करा, झालं. दहाव्या आवृत्तीपासून पहिला आकडा बदलला तरच मोठी आवृत्ती समजायची. त्यात सिस्टिम कॅटलॉगची, म्हणजे पोस्टग्रेसच्या स्वतःच्या अंतर्गत नोंदींची, रचना बदलते, म्हणून जुनी डेटा डिरेक्टरी नव्या बायनरीने (प्रोग्रॅमने) उघडतच नाही.

## टप्पा १: कुठे जायचं आणि कोणत्या मार्गाने

प्रत्येक मोठ्या आवृत्तीला साधारण ५ वर्षं दुरुस्त्या मिळतात. १३ ची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली, १४ ची नोव्हेंबर २०२६ मध्ये संपते. मधल्या प्रत्येक आवृत्तीवर थांबत जायची गरज नाही. १३ वरून थेट १७ किंवा १८ वर जाता येतं. मात्र मधल्या सगळ्या आवृत्त्यांच्या रिलीज नोट्स वाचाव्या लागतात. १७ वर जाताना फक्त १७ ची नोट वाचणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. १४, १५ आणि १६ मध्ये काढून टाकलेल्या गोष्टीही तुमच्याच डोक्यावर येणार असतात. प्रत्येक नोटमध्ये ‘मायग्रेशन’ नावाचा भाग असतो. निदान तेवढा तरी अक्षर न अक्षर वाचा.

मार्ग तीन आहेत.

डंप आणि रिस्टोअर, म्हणजे सगळा डेटा बाहेर काढून नव्यात पुन्हा भरणं. डेटाबेस लहान असेल आणि काही तास बंद ठेवता येत असेल तर हाच घ्या, त्यात कमीपणा काही नाही. सगळे इंडेक्स नव्याने बनतात, टेबलांचा फुगवटा (वाया अडलेली जागा) जातो आणि जुना क्लस्टर (एका सर्व्हरखालचे सगळे डेटाबेस) जसाच्या तसा बाजूला राहतो. तीनशे जीबीच्या पुढे मात्र वेळेचं गणित जमेनासं होतं.

पीजी_अपग्रेड. डेटाच्या फाइली आहेत तशाच घेतो, फक्त कॅटलॉग नव्याने बांधतो. मोठ्या डेटाबेससाठी नेहमीचा रस्ता. पुढचे टप्पे मुख्यतः यालाच धरून आहेत.

लॉजिकल रिप्लिकेशन, म्हणजे जुन्यातले बदल ओळीओळीने नव्या सर्व्हरकडे पाठवत राहणं. डाउनटाइम अगदी थोडा, पण तयारी भरपूर. सीक्वेन्सचे (आपोआप वाढणाऱ्या क्रमांकांचे) आकडे पलीकडे जात नाहीत, टेबलांच्या रचनेतले बदल जात नाहीत, लार्ज ऑब्जेक्ट जात नाहीत. प्रायमरी की नसलेल्या टेबलावर अपडेट आणि डिलीट अडतात. ज्यांना पाच मिनिटंही थांबता येत नाही त्यांनीच या वाटेला जावं. बाकीच्यांनी ‘झीरो डाउनटाइम’ या शब्दाच्या मोहात पडून महिनाभराचं काम ओढवून घेऊ नये.

लक्ष्य आवृत्तीबद्दल माझा आग्रह एवढाच, की नव्या मोठ्या आवृत्तीच्या पहिल्या रिलीजवर प्रॉडक्शन नेऊ नका. दुसरी-तिसरी छोटी आवृत्ती येऊ द्या.

## टप्पा २: जुन्या घराची झडती

हे काम अपग्रेडच्या किमान महिनाभर आधी सुरू करा. सापडणाऱ्या बऱ्याच गोष्टी ॲप्लिकेशनच्या टीमकडून दुरुस्त करून घ्यायच्या असतात, आणि त्यांचा स्प्रिंट तुमच्या सोयीने चालत नाही.

एक्स्टेन्शन्सपासून (पोस्टग्रेसला जोडलेल्या जादा सुविधांपासून) सुरुवात करा. प्रत्येक डेटाबेसमध्ये जाऊन पीजी_एक्स्टेन्शन हा कॅटलॉग पाहा. ‘प्रत्येक’मध्ये पोस्टग्रेस आणि टेम्प्लेट१ हे डेटाबेसही आले. कोणीतरी कधीतरी चुकून टेम्प्लेट१ मध्ये बसवलेलं एक्स्टेन्शन ऐन रात्री अडवतं. पोस्टजीआयएस, पीजी_क्रॉन, पीजी_रीपॅक, जे काही असेल त्याची नव्या आवृत्तीसाठीची लायब्ररी नव्या बायनरीशेजारी आधीच बसवलेली हवी. शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीजमधली नावंही याच यादीत घ्या.

मग काढून टाकलेल्या गोष्टी. १३ वरून निघणाऱ्यांना हमखास भेटणाऱ्या या:

- १४ मध्ये मूल्याच्या मागे लागणारे ऑपरेटर गेले आणि ॲरे_अपेंडसारख्या फंक्शनांची व्याख्या बदलली. या फंक्शनांवर कोणी स्वतःचं ॲग्रिगेट बांधलं असेल तर ते आधी काढून, अपग्रेडनंतर नव्याने बनवावं लागतं.
- १५ मध्ये एक्सक्लुझिव्ह बॅकअपची पद्धत गेली आणि पीजी_स्टार्ट_बॅकअपचं नाव पीजी_बॅकअप_स्टार्ट झालं. हाताने लिहिलेली जुनी बॅकअप स्क्रिप्ट इथे मोडते. ती बहुतेक वेळा क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) असते आणि तिचं ईमेल कोणी वाचत नसतं.
- १७ मध्ये इंडेक्स बांधणी किंवा मटेरिअलाइज्ड व्ह्यू रिफ्रेशसारख्या कामांत सर्च_पाथ (टेबल कोणकोणत्या स्कीमांत शोधायचं ती यादी) सुरक्षित, म्हणजे मर्यादित केला जातो. एक्स्प्रेशन इंडेक्समधलं किंवा व्ह्यूमधलं तुमचं फंक्शन स्कीमाचं नाव न लिहिता टेबल शोधत असेल तर ते सापडत नाही. फंक्शनला त्याचा सर्च_पाथ जोडून द्या.
- मॉनिटरिंगच्या क्वेऱ्या. पीजी_स्टॅट_बीजीरायटरमधले चेकपॉइंटचे कॉलम १७ मध्ये पीजी_स्टॅट_चेकपॉइंटर या वेगळ्या व्ह्यूमध्ये गेले, आणि पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्समधल्या (क्वेऱ्यांना लागलेल्या वेळेची नोंद) काही कॉलमांची नावं बदलली. कोरे आलेख इथून येतात.

कॉन्फिगरेशन फाइलचंही तसंच. जुनी फाइल नव्या डिरेक्टरीत सरळ कॉपी केली तर सर्व्हर चालूच होत नाही, कारण काढून टाकलेली एकही सेटिंग त्याला चालत नाही. स्टॅट्स_टेम्प_डिरेक्टरी १५ मध्ये गेली, प्रमोट_ट्रिगर_फाइल आणि व्हॅक्यूम_डिफर_क्लीनअप_एज १६ मध्ये, ओल्ड_स्नॅपशॉट_थ्रेशोल्ड १७ मध्ये. नव्या मूळ फाइलवर तुमचे मुद्दाम केलेले बदल एकेक करून चढवा. ते करताना ‘ही सेटिंग कोणी आणि का ठेवली होती?’ हा प्रश्नही निकालात निघतो.

पासवर्डचा भाग जरा नाजूक आहे. १४ पासून नवे पासवर्ड मुळातच स्क्रॅम या जास्त सुरक्षित पद्धतीने साठवले जातात, पण जुन्या युजरांचे एमडी५ (आधीच्या पद्धतीचे) हॅश अपग्रेडनंतर तसेच राहतात. एचबीए फाइलमध्ये (कोणी कुठून कसं जोडायचं ते ठरवणारी फाइल) पद्धत ‘एमडी५’ असेल तर दोन्ही प्रकारचे युजर आत येतात. उत्साहात ती ‘स्क्रॅम’ केली की जुने सगळे बाहेर. शिवाय जुने ड्रायव्हर स्क्रॅम जाणत नाहीत. जावाच्या जेडीबीसी ड्रायव्हरला ते ४२.२.० पासून येतं. म्हणून आधी ड्रायव्हर, मग पासवर्ड पुन्हा सेट करणं, आणि सगळ्यात शेवटी एचबीए. अपग्रेडच्या रात्री यातलं काहीच करू नका. पण १८ मध्ये एमडी५ मोडीत काढण्याची सूचना आली आहे, तेव्हा कामाच्या यादीत घालून ठेवा.

सावधान: १८ मध्ये इनिटडीबी (नवा क्लस्टर बनवणारी कमांड) डेटा चेकसम (डेटा बिघडला तर ओळखणारी खूण) आपोआप चालू करतं. जुन्या क्लस्टरवर ते बंद असेल तर पीजी_अपग्रेड दोघांचा मेळ बसत नाही म्हणून थांबतं. एक तर नवा क्लस्टर चेकसम बंद ठेवून बनवा, नाही तर जुना क्लस्टर बंद असताना पीजी_चेकसम्सने त्यावर चेकसम चालू करून घ्या. दुसरा पर्याय चांगला, पण तो संपूर्ण डेटा वाचून लिहितो. म्हणून तो वेगळ्या दिवशी.

तपासणी: पीजी_प्रिपेअर्ड_झॅक्ट्स रिकामं आहे का? तिथे अडकून पडलेला एक जुना व्यवहारसुद्धा अपग्रेड रोखतो.

## टप्पा ३: ऑपरेटिंग सिस्टिम त्याच रात्री बदलू नका

याला वेगळा टप्पा द्यावा लागतो, कारण यातून होणारं नुकसान लगेच दिसत नाही.

मजकुराच्या कॉलमवरचा इंडेक्स हा क्रमाने लावलेला असतो, आणि तो क्रम बहुतेक वेळा पोस्टग्रेस ठरवत नाही. लिनक्सची जीलिबसी लायब्ररी ठरवते. जीलिबसी २.२८ मध्ये हा क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. आरएचईएल किंवा सेंटओएस ७ वरून ८ किंवा पुढे, डेबियन ९ वरून १०, उबंटू १८.०४ वरून २०.०४ असा प्रवास करताना ही रेषा ओलांडली जाते. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली, त्यामुळे ‘सर्व्हर बदलतोच आहोत तर पोस्टग्रेसही उरकून घेऊ’ हा विचार ठिकठिकाणी सुरू आहे.

पीजी_अपग्रेड इंडेक्सच्या फाइली तशाच उचलतो. नव्या लायब्ररीच्या दृष्टीने त्या चुकीच्या क्रमाने लावलेल्या ठरतात. मग ग्राहक नावाने शोधला तर सापडत नाही, पण पूर्ण टेबल वाचलं तर दिसतो. युनिक कॉलममध्ये तेच नाव दुसऱ्यांदा शिरतं. कुठेही एरर येत नाही. बदल ओळखायचा सोपा प्रयोग असा: ‘१-१’ आणि ‘११’ या दोन ओळी इंग्रजी अंकांत लिहा आणि अमेरिकी इंग्रजी यूटीएफ-८ लोकेल लावून दोन्ही सर्व्हरवर सॉर्ट कमांडला द्या. जुन्या लायब्ररीत ‘११’ आधी येतं, नव्यात ‘१-१’.

सर्व्हर बदलायचाच असेल तर डंप-रिस्टोअर किंवा लॉजिकल रिप्लिकेशन घ्या. दोन्हींत इंडेक्स नव्याने बनतात. पीजी_अपग्रेड किंवा स्ट्रीमिंग रिप्लिकेशननेच जायचं असेल तर मजकुरावरचे सगळे इंडेक्स रीइंडेक्स करण्याचा वेळ आराखड्यात धरा.

सावधान: कोलेशनची (मजकुराच्या क्रमाच्या नियमांची) आवृत्ती जुळत नाही अशी वॉर्निंग दिसली की लोक शोधून ‘रिफ्रेश कोलेशन व्हर्जन’ची कमांड चालवतात. त्याने फक्त वॉर्निंग बंद होते, इंडेक्स तसेच बिघडलेले राहतात. आधी रीइंडेक्स, मग रिफ्रेश.

## टप्पा ४: बॅकअप, आणि त्यावरच रंगीत तालीम

बॅकअप घेतला आहे एवढं पुरत नाही. तो दुसऱ्या मशीनवर उभा करा, आणि तीच मशीन तालमीसाठी वापरा. एका कामात दोन कामं होतात: बॅकअप खरा आहे हे कळतं आणि प्रॉडक्शनएवढाच डेटा सरावाला मिळतो. दहा टक्के डेटाच्या टेस्ट सर्व्हरवरची तालीम वेळेबद्दल काहीच सांगत नाही.

तालमीत पूर्ण क्रम चालवा: नव्या आवृत्तीचं इनिटडीबी, चेक पर्याय, प्रत्यक्ष अपग्रेड, स्टॅटिस्टिक्स, एक्स्टेन्शन, ॲप्लिकेशनची जोडणी. प्रत्येक पायरीला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. लिंक पद्धतीत (ती खाली येते) हा वेळ जीबीवर अवलंबून नसतो, वस्तूंच्या संख्येवर असतो. दोन टीबीची पन्नास टेबलं चटकन होतात. शंभर जीबीमध्ये हजारो पार्टिशन किंवा लाखो लार्ज ऑब्जेक्ट असतील तर घाम फुटतो.

फाइली नव्या डिरेक्टरीत नेण्याची पद्धतही इथेच ठरवा.

कॉपी: सुरक्षित, हळू, दुप्पट जागा लागते.

लिंक: हार्ड लिंक (त्याच फाइलला दुसरं नाव), अगदी जलद. पण नवा क्लस्टर एकदा चालू झाला की जुना कायमचा गेला.

क्लोन: फाइल सिस्टिमला रीफ्लिंक (प्रत्यक्ष डेटा न उतरवता फाइलची प्रत) येत असेल तर, म्हणजे तशी फॉरमॅट केलेली एक्सएफएस किंवा बीटीआरएफएस असेल तर. लिंकइतकीच झटपट आणि जुना क्लस्टरही शाबूत. शक्य असेल तिथे डोळे झाकून हाच घ्या. लोकांना हा पर्याय आहे हेच ठाऊक नसतं.

स्वॅप: १८ मध्ये नवीन, सगळ्यात जलद. पण यात फाइली हलायला लागल्या की त्याच क्षणी जुना क्लस्टर निकामी.

डेबियन आणि उबंटूवाल्यांसाठी दोन खास खड्डे. नव्या आवृत्तीचं पॅकेज बसवलं की ते स्वतःच एक रिकामा क्लस्टर बनवून ५४३३ पोर्टवर चालू करतं. ‘नव्यात जोडलो पण टेबलंच नाहीत’ किंवा ‘जोडलंच जात नाही’ या तक्रारींचं मूळ बहुधा तिथे असतं. आणि पीजी_अपग्रेडक्लस्टर ही त्यांची सोयीची कमांड पद्धत न सांगितल्यास डंप-रिस्टोअर करते. दोन टीबीवर ती तशीच चालवलीत तर सकाळ कशी होते ते बघा.

तपासणी: तालमीतल्या क्लस्टरवर ॲप्लिकेशनच्या सगळ्यात जड वीस क्वेऱ्या चालवल्या का? प्लॅन (क्वेरी कशी चालवायची त्याचे आराखडे) जुन्याशी ताडून पाहिले का? जुन्या प्रॉडक्शनवरची पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्सची नोंद आत्ताच एका टेबलात उतरवून ठेवा. अपग्रेडनंतर तुलना करायला ती लागेल आणि तेव्हा ती मिळणार नाही.

## टप्पा ५: वेळ निवडा आणि परतीची वेळ कागदावर लिहा

व्यवसायाचं कॅलेंडर समोर घ्या. हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर महिन्याची ११ आणि २० तारीख टाळा, जीएसटीची विवरणपत्रं तेव्हा भरली जातात. पगाराचं असेल तर महिनाअखेर, किरकोळ विक्रीचं असेल तर गणपती ते दिवाळी. पहाटे तीनचा आग्रह मला पटत नाही. रहदारी कमी असते हे खरं, पण ॲप्लिकेशन ओळखणारा माणूसही झोपलेला असतो. रविवारी सकाळी सात ही वेळ बऱ्याच ठिकाणी उत्तम ठरते.

नंतर दोन ओळी लिहा आणि सर्वांकडून मान्य करून घ्या. पहिली: कोणत्या वेळेपर्यंत अमुक पायरी झाली नाही तर मागे फिरायचं. दुसरी: तो निर्णय कोण घेणार. एकाच माणसाचं नाव. कॉलवर अकरा जण असताना पहाटे हा निर्णय होत नाही, सगळे ‘अजून दहा मिनिटं बघूया’ म्हणतात.

## टप्पा ६: प्रत्यक्ष दिवस

१. चेक पर्याय जुना क्लस्टर चालू असतानाही चालतो. आदल्या दिवशी आणि त्या सकाळी पुन्हा चालवा. मधल्या काळात कोणी काय बनवून ठेवलं असेल सांगता येत नाही.

२. अलर्ट शांत करा. क्रॉन, शेड्यूल्ड जॉब, ईटीएल बंद. पीजीबाउन्सर (मध्ये बसून जोडण्या सांभाळणारं साधन) असेल तर तिथेच रहदारी थांबवा.

३. ॲप्लिकेशन आधी बंद, डेटाबेस नंतर. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी पाहा, कोणाचा तरी रिपोर्टिंग टूल हमखास जोडलेला सापडतो.

४. शेवटचा बॅकअप पूर्ण झाला आणि वॉलच्या (प्रत्येक बदलाच्या नोंदवहीच्या) सगळ्या फाइली अर्काइव्हमध्ये पोचल्या याची खात्री करा.

५. प्रायमरी नीट बंद करा, मग स्टँडबाय. दोन्हींवर पीजी_कंट्रोलडेटा चालवून शेवटच्या चेकपॉइंटची जागा सारखी आहे का पाहा. सारखी असली म्हणजे स्टँडबायकडे सगळा डेटा आहे, आणि ती तुमची आणखी एक परतीची वाट आहे.

६. पीजी_अपग्रेड नव्या आवृत्तीच्या बायनरीतला चालवा, जुन्यातला नव्हे. पोस्टग्रेस युजरने, लिहिण्याची परवानगी असलेल्या डिरेक्टरीतून. फेल झालं तर घाबरून लगेच पुन्हा चालवू नका. १५ पासून सगळे लॉग नव्या डेटा डिरेक्टरीतल्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. आधी ते वाचा.

७. पोर्ट, कॉन्फिगरेशन आणि एचबीए लावा. एचबीएमध्ये सध्या फक्त लोकल जोडणी ठेवा.

इथे थांबा. लिंक पद्धत वापरली असेल तर हीच परतीची शेवटची जागा. नवा क्लस्टर अजून चालू केलेला नाही, तोवर जुन्या डिरेक्टरीतल्या पीजी_कंट्रोल फाइलच्या नावामागे लागलेला ‘ओल्ड’ काढला की जुना क्लस्टर पुन्हा उभा राहतो. नवा एकदा सुरू केला की जुना परत चालू करायचा नाही; दोघंही त्याच फाइलींवर लिहितील आणि दोन्ही जातील. मग मागे जायचं तर बॅकअप किंवा बंद ठेवलेला स्टँडबाय. कॉपी आणि क्लोन पद्धतीत जुना क्लस्टर राहतो, पण युजरांनी नव्यात लिहायला सुरुवात केली की तो डेटा जुन्यात नसतो. म्हणजे खरी परतीची वाट ॲप्लिकेशन उघडेपर्यंतच.

स्टँडबाय आरसिंक (फाइली उतरवणारं साधन) वापरून अपग्रेड करणार असाल तर तेही नवा प्रायमरी चालू करण्याआधीच करायचं असतं. आधी प्रायमरी चालू करून ‘आता स्टँडबायचं बघू’ म्हणणाऱ्यांचा स्टँडबाय बिघडलेला निघतो.

## टप्पा ७: उघडण्याआधीची कामं

सोमवारी सकाळच्या दहा मिनिटांच्या रिपोर्टचं कारण इथे आहे. १७ पर्यंतच्या आवृत्त्यांत पीजी_अपग्रेड ऑप्टिमायझरची स्टॅटिस्टिक्स पलीकडे नेत नाही. टेबलात दहा ओळी आहेत की दहा कोटी, कोणत्या कॉलममध्ये काय पसरलं आहे, हे नव्या क्लस्टरला ठाऊकच नसतं. तो अंदाजाने प्लॅन बनवतो. १८ मध्ये बरीचशी स्टॅटिस्टिक्स पलीकडे जातात, पण ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ने बनवलेली एक्स्टेंडेड नाहीत.

त्यामुळे १७ वर जाताना व्हॅक्यूमडीबी कमांडने सगळ्या डेटाबेसचं ॲनालाइझ (स्टॅटिस्टिक्स गोळा करणं), अनेक जॉब लावून. ‘टप्प्याटप्प्याने ॲनालाइझ’ असा एक पर्याय आहे, तो आधी अगदी ढोबळ, मग बरी, मग पूर्ण स्टॅटिस्टिक्स गोळा करतो. लवकर उघडायचं असेल तेव्हा तो उपयोगी. वेळ असेल तर सरळ पूर्ण ॲनालाइझ एकदाच करा आणि मग उघडा. ढोबळ आकड्यांवर बनलेले प्लॅनही वाईट असू शकतात. १८ वर जाताना आधी फक्त गहाळ स्टॅटिस्टिक्स भरून घ्या, मग सावकाश सगळ्यांचं ॲनालाइझ. तिथे टप्प्याटप्प्याचा पर्याय सरसकट वापरू नका, चांगली आलेली स्टॅटिस्टिक्स काही काळ बिघडतील.

पार्टिशन केलेल्या मूळ टेबलावर ॲनालाइझ हाताने चालवा. ऑटोव्हॅक्यूम (हे काम आपोआप करणारी प्रक्रिया) पार्टिशन पाहतं, मूळ टेबल पाहत नाही.

एक्स्टेन्शन अद्ययावत करायला पीजी_अपग्रेड स्वतः एक एसक्यूएल फाइल लिहून ठेवतो. ती चालवा. पोस्टजीआयएससाठी त्याचं स्वतःचं अपग्रेड फंक्शन आहे.

तपासणी: उघडण्याआधी ॲप्लिकेशनच्याच युजरने लॉगिन करून एक ओळ वाचा आणि एक लिहा. सुपरयुजरने केलेली चाचणी परवानग्यांबद्दल काही सांगत नाही. महत्त्वाच्या चार टेबलांच्या ओळी मोजा आणि जुन्या आकड्यांशी ताडा. मगच एचबीए पूर्ववत.

## टप्पा ८: स्टँडबाय, स्लॉट, नवा बॅकअप

ॲप्लिकेशन चालू झालं म्हणून कॉल सोडू नका. या क्षणी तुमच्याकडे चालू स्टँडबाय नाही आणि नव्या आवृत्तीचा एकही बॅकअप नाही. जुन्या फिजिकल बॅकअपवर नवे वॉल लावता येत नाहीत. म्हणजे आत्ता डिस्क गेली तर अपग्रेडनंतरचा सगळा डेटा गेला.

पूर्ण बॅकअप लगेच सुरू करा. पीजीबॅकरेस्ट हे बॅकअपचं साधन असेल तर आधी त्याचा स्टँझा (त्यातली क्लस्टरची नोंद) अपग्रेड करावा लागतो, नाहीतर अर्काइव्हिंग फेल होत राहतं आणि वॉल साचून डिस्क भरते.

आकार आटोक्यात असेल तर स्टँडबाय पीजी_बेसबॅकअपने सरळ नव्याने बांधा. आरसिंकची कसरत काही टीबींच्या पुढेच परवडते. फिजिकल स्लॉट (स्टँडबायने कुठपर्यंत घेतलं याच्या खुणा) पलीकडे येत नाहीत, ते पुन्हा बनवा. लॉजिकल स्लॉट येतात, पण जुना क्लस्टरच १७ किंवा पुढचा असेल तर. १३ वरून जाताना ते हरवतातच. डेबेझियमसारखं (बदल दुसऱ्या प्रणालींकडे पाठवणारं) काही त्यावर चालत असेल तर बंद करण्याआधी त्याला शेवटच्या बदलापर्यंत पोचू द्या, आणि नवा स्लॉट ॲप्लिकेशन उघडण्याआधी, म्हणजे टप्पा ७ मध्येच, बनवा. मधल्या फटीत लिहिलेलं पलीकडे कधीच पोचत नाही.

## टप्पा ९: पुढचा आठवडा

टप्पा ४ मध्ये जपलेली नोंद काढा आणि रोज सकाळी क्वेऱ्यांचा सरासरी वेळ ताडून पाहा. एखादी क्वेरी घसरली तर आधी तिच्या टेबलांचं ॲनालाइझ झालं आहे का ते पाहा, मग प्लॅन. अपग्रेडच्या दुसऱ्या दिवशी वर्क_मेम (क्वेरीला मिळणारी मेमरी) वाढवत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे.

महिन्याभराने कोणीतरी नवा डेटाबेस बनवेल आणि ‘पब्लिक स्कीमात टेबल बनवायची परवानगी नाही’ म्हणत येईल. १५ पासून नव्या डेटाबेसमध्ये ही परवानगी मुळातच सर्वांना नसते. जुन्या डेटाबेसच्या परवानग्या अपग्रेडमध्ये जशा होत्या तशा राहिलेल्या असतात, त्यामुळे आधी हे लक्षात येत नाही. सगळ्यांना परवानगी देऊन मोकळं होण्यापेक्षा ॲप्लिकेशनच्या युजरला त्याची स्वतःची स्कीमा द्या.

जुनी डिरेक्टरी पुसायची स्क्रिप्ट पीजी_अपग्रेडने लिहून ठेवलेली असते. नव्या क्लस्टरचा एक बॅकअप दुसऱ्या मशीनवर प्रत्यक्ष उभा करून पाहिल्याशिवाय ती चालवू नका. जुन्या बायनरीही तोपर्यंत ठेवा. टप्पा ४ मधला बॅकअप त्यांच्याशिवाय उघडत नाही.

## टप्पा १०: वर्षाचं वेळापत्रक

अपग्रेड अवघड होतं ते पाच वर्षांचं वाचन एका महिन्यात करावं लागतं म्हणून. पोस्टग्रेसचं चक्र ठरलेलं आहे, ते कॅलेंडरमध्ये टाकून ठेवता येतं. छोट्या आवृत्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी येतात. मोठी आवृत्ती सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. १८ ही २५ सप्टेंबर २०२५ ला आली.

छोट्या आवृत्तीची नोट त्याच गुरुवारी वाचा, स्टेजिंगवर लगेच चढवा, प्रॉडक्शनवर आठ-दहा दिवसांनी. हे अंतर कशासाठी ते नोव्हेंबर २०२४ मध्ये दिसलं. १४ तारखेला आलेल्या १७.१ मुळे काही एक्स्टेन्शन अडखळली, आणि आठवड्याभरात, २१ तारखेला, वेळापत्रकाबाहेर १७.२ काढावी लागली. सुरक्षेची गंभीर दुरुस्ती असेल आणि ती तुमच्या रचनेला लागू पडत असेल तर मात्र हे अंतर पाळायचं नाही.

मोठ्या आवृत्तीच्या नोटमधला ‘मायग्रेशन’चा भाग दर वर्षी, ती आली की लगेच वाचा, तिच्यावर जायचं असो वा नसो. तुमच्या रचनेला लागू पडणारी प्रत्येक ओळ एका फाइलीत उतरवा, शेजारी टेबल, स्क्रिप्ट किंवा टीमचं नाव. पुढच्या अपग्रेडचा टप्पा २ या फाइलीतून सुरू करा.